बनाबाईची कट्ट्यावरची जागा

आमच्या नातवंडांना वाटतं, दूध पिशवीतनं येतं. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनी पिशवीच बघितली. पण मी उमेदीची वर्षं ज्या पागा गल्लीत काढली, तिथं दूध म्हशीतनं थेट पेल्यात यायचं आणि पेल्यातनं थेट पोटात. मधे चूल नाही, पातेलं नाही, की साय धरायला सवड नाही. गिऱ्हाइकानं पेला पुढं करायचा, गवळ्यानं तो कासेखाली धरायचा, चुर्र चुर्र धारा सोडायच्या, आणि पेल्यावर हा एवढा फेस! तो फेस मिशीला लागल्याशिवाय आमच्याकडचा गडी कामाला जात नसे. ज्याला मिशी नव्हती त्याची पंचाईत.

तर गोष्ट सांगायची आहे बनाबाई गवळणीची. पण तिच्याकडं जायचं तर पागा गल्लीतनंच जायला लागतं, आणि आमच्या गल्लीत शिरलेला माणूस चार ठिकाणी थांबल्याबिगर पुढं सरकत नाही. तेवढं सांभाळून घ्या.

गंगावेशीकडनं पंचगंगेच्या घाटाकडं उतरायला लागलं की डाव्या हाताला आमची गल्ली. तोंडाशी इतकी अरुंद, की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर गाडीवानांना एकमेकांचे वाडवडील आठवायचेच. आत मात्र ऐसपैस. संस्थानच्या काळात तिथं घोड्यांची एक पागा होती. आता घोडा म्हटलं की त्याला काय एक माणूस पुरतो? नाल ठोकायला नालबंद पाहिजे, ते मुसलमान. खोगीर-लगाम शिवायला चांभार. हरभऱ्याची चंदी पुरवायला जैन दुकानदार. खरारा करायला मराठे मोतद्दार. आणि या सगळ्यांवर ओरडायला एक कारकून, तो बामण. अशी सगळी माणसं घोड्यांच्या मागनं आली आणि पागेच्या भोवती घरं बांधून राहिली. पुढं मोटारी आल्या, पागा मोडली, घोडे गेले, माणसं राहिली. एकमेकांना धरूनच राहिली. आमच्या तालमीत एका कोनाड्यात मारुती आणि दुसऱ्या कोनाड्यात पीर. मोहरमात पंजा उचलायचा मान एका मराठ्याच्या घरात, आणि गणपतीपुढं सनई वाजवायला दस्तगीर नालबंदाचा मेव्हणा. बाहेरचा कुणी बघून चकित झाला की आम्हीच चकित व्हायचो, की यात बघण्यासारखं काय आहे म्हणून.

पागेचा म्हणून एक लांबलचक दगडी कट्टा तेवढा उरला होता. त्यात ओळीनं लोखंडी कड्या ठोकलेल्या. पूर्वी त्यांना घोडे बांधायचे; आमच्या वेळेला गवळ्यांच्या म्हशी. एक कडी, एक गवळी. सकाळ-संध्याकाळ म्हशी तिथं आणून बांधायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायची. कडी म्हणजे गवळ्याची जागा, आणि जागा म्हणजे त्याची भाकरी. ज्याला कडी नाही त्यानं दारोदार चरवी घेऊन हिंडायचं, आणि चरवीतल्या दुधावर कोल्हापूरचा माणूस विश्वास ठेवत नाही. समोर पिळलेलं तेवढं खरं.

मी कागलाकडनं सत्तेचाळीस साली शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवर कामाला आलो आणि दस्तगीरभाईंच्या माडीवर खोली घेतली. पहिल्याच सकाळी कट्ट्यावर पेला घेऊन गेलो. जोतीराम गवळ्याची कडी कोपऱ्यातली. जोतीराम धार काढत होता आणि त्याची बायको बनाबाई म्हशीला पेंड चारत होती. उंच, हाडापेरानं दणकट बाई, कासोटा घट्ट, आणि आवाज असा की कट्ट्यावरनं हाक मारली तर घाटावर पाण्यात बसलेली म्हैस कान हलवायची. मी पेला तोंडाला लावला तशी म्हणाली, "नवं दिसताय पावणं. दम खात प्या. म्हस पळून जात न्हाई."

असं तिचं बोलणं. पैलवान आला की, "मिशी पूस बाबा. उद्या आखाड्यात पडलास तर म्हनशील, बनाबाईचं दूध पातळ हुतं." कोल्हापूरकडच्या बायकांसारखं तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते इतकं शोभायचं की दुसरं काही शोभलंच नसतं.

त्या घराची मुख्य म्हैस म्हणजे मोरणी. शिंगं लांब, पाठीवर वळलेली. तिची आई व्यायल्याबरोबर मेली होती. बनाबाईनं ते रेडकू बोटं चोखायला देऊन, कुशीत घेऊन वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. जोतीराम हसत म्हणायचा, "आमच्या घरात सासू न्हाई, पर मोरणी हाय. तिला विचारल्याबिगर ही भाकरी खात न्हाई."

आता अठ्ठेचाळीस सालचं एक सांगतो, म्हणजे ही बाई काय होती ते कळेल. गांधीजींचा खून झाला आणि दुसऱ्या दिवशी गावात बामणांची घरं पेटायला लागली. त्या दिवसाचं सगळं मी सांगत बसत नाही. ज्यांचं जळलं त्यांना ते माहीत आहे. आमच्या गल्लीत नृसिंह मास्तरांचं घर होतं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, आणि त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई गल्लीतल्या पोरींना शिवण. दुपारी कळलं की एक घोळका रॉकेलचे डबे घेऊन आमच्याकडं वळलाय. बनाबाई नदीवरनं म्हशी धुऊन परत येत होती. तिनं काय करावं? सगळ्या म्हशी गल्लीच्या तोंडात आडव्या उभ्या केल्या, आणि मोरणीच्या गळ्यात हात टाकून आपण पुढं उभी राहिली.

"बाई, म्हशी काढ," घोळक्यातला एकजण ओरडला.

"पावणं, कुठं निघालाय?"

"तुला काय करायचंय? म्हशी काढ म्हंतोय न्हवं?"

"काढतो की. ती मुततीया. झालं की काढतो."

म्हैस ती, तिला काय घाई! एकीचं होतंय तोवर दुसरीनं सुरू केलं. रॉकेलचे डबे घेतलेली माणसं आपली उभी. एकजण अंगावर धावला, तशी बनाबाई शांतपणे म्हणाली, "हिच्या मागनं जाऊ नगंस. व्यालेली हाय, लाथ बसली तर जल्माचा बसशील." मागं दस्तगीरभाई हातोडा घेऊन आले, पिराजी चांभार रापी घेऊन आला, तालमीची पोरं आली. मधे म्हशी, अलीकडं गल्ली, पलीकडं घोळका. शेवटी तो घोळका तसाच निघून गेला. मास्तर माडीच्या खिडकीतनं सगळं बघत होते. संध्याकाळी ते पेला घेऊन कट्ट्यावर आले, दूध प्यायले, आणि रिकामा पेला धरून तिथंच उभे राहिले. बनाबाईच म्हणाली, "मास्तर, फेस पुसा."

अशी आमची गल्ली. छाती फुगवून सांगावं असं आयुष्यात फार नसतं. मला हे आहे.

पुढं संस्थान विलीन झालं, कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं, आणि पन्नास सालच्या श्रावणात तापाचं निमित्त होऊन जोतीराम गेला. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाई म्हशी घेऊन कट्ट्यावर आली, मोरणीला कडीला बांधलं आणि उकिडवी बसून धार काढायला लागली.

घरात धारा बायकाच काढतात. पण कट्ट्यावर, भर रस्त्यात, पुरुषांच्या घोळक्यात आजवर बाई बसली नव्हती. गवळ्यांत कुजबूज झाली. सगळ्यांत जास्त तिचा धाकटा दीर केरबा अस्वस्थ. केरबा वाईट नव्हता बरं का. लोक काय म्हणतील याला भिणारा माणूस. त्याला स्वतःची कडी नव्हती, तो चरवी घेऊन दारोदार फिरायचा, आणि मनात धरून बसला होता की भावाची कडी आता आपल्याकडं येणार.

"वैनी," तो एके दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "आता फुरं झालं. तू वडगावाला भावाकडं जा. म्हशी मी बघतो. तुला कायबी कमी पडू देणार न्हाई."

"भावाच्या गोठ्यातलं श्याण काढू व्हय रं केरबा? त्यापरास माझ्या म्हशीचं काढतो."

"आगं पर बाईमाणूस..."

"मग म्हस काय बापयमाणूस हाय? तीबी बाईच हाय की!"

कट्टा हसला. पण हसण्यानं प्रश्न सुटत नाही. गवळ्यांतले वडीलधारे म्हणजे गणपतराव. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. पांढऱ्या भुवया, फेटा, आणि बोलणं मोजकं. ते म्हणाले, "हितं बाई का बापय ह्यो सवाल न्हाई. कट्ट्याची रीत काय हाय? पाडव्याला ज्याच्या हाकंला म्हस येती, त्याची कडी. जोतीरामाच्या दुखवट्याची ही दिवाळी जाऊ द्या. म्होरच्या पाडव्याला बनाबाईनं हाक घालावी. तीन हाका. आली म्हस, तर कडी तिची. न्हाई आली, तर केरबाची, आणि म्हशीबी त्याच्या गोठ्यात."

ही पाडव्याची रीत कळली पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला आमचे गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, तेल चोपडायचं, शिंगं रंगवून मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरं. मग म्हैस एका टोकाला सोडायची आणि मालकानं दुसऱ्या टोकाला उभं राहून हाक घालायची. हलग्या वाजतायत, माणसं दोन्ही बाजूंनी ओरडतायत, आणि त्या गदारोळातनं म्हैस मालकाच्या हाकेवर धावत यायला पाहिजे. ज्याची आली त्याचा फेटा उंच. ज्याची दुसरीकडं वळली, त्यानं वर्षभर गावाचे टोमणे खायचे.

बनाबाईला कसली भीती! "माझी मोरणी न्हाई आली तर सूर्यच न्हाई आला म्हणायचं," ती म्हणाली. आम्हालाही खात्री. कट्ट्यावरनं घाटावर जाणारी ती हाक रोज ऐकत होतो की.

वर्षभर ती कडीवर बसली आणि गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट वाढलं. गल्लीतल्या बायका, ज्या कधी कट्ट्यावर यायच्या नाहीत, त्या पोरांना घेऊन यायला लागल्या. सरोजिनीबाई स्वतः पेला घेऊन यायच्या. बामणाची बाई कट्ट्यावर उभी राहून दूध पितेय, हे त्या काळात काही लहान नव्हतं. कुणीतरी मास्तरांना छेडलं, तर मास्तर म्हणाले, "मला पण पहिल्यांदा जरा चमत्कारिक वाटलं. मग म्हटलं, मिशी नाही त्यामुळे पुसायचा त्रास तरी नाही."

एकावन्नचा पाडवा जवळ आला तशी सगळी गल्ली पेटली. बनाबाईचा पाडवा म्हणजे गल्लीचा पाडवा. पिराजी चांभारानं मोरणीच्या गळ्यात घालायला जाड चामड्याचा पट्टा केला, त्यावर पितळी घुंगरं जडवली. लगाम शिवणाऱ्या घराण्यातला माणूस, त्याचं काम बघत बसावं असं. नेमगोंडा दुकानदारानं सरकी आणि गूळ पाठवला, पाडव्याआधी म्हशीला चारा म्हणून. तालमीच्या पोरांनी मोरणीच्या अंगावर वेलबुट्टी कातरली, आणि पाठीवर 'पागा गल्ली' अशी अक्षरं. त्यातला 'ग' पहिल्यांदा उलटा आला म्हणून मास्तर कातर घेऊन स्वतः बसले.

आणि पाडव्याच्या सकाळी सरोजिनीबाई एक इरकली लुगडं घेऊन आल्या. करड्या रंगाचं, लाल बारीक काठाचं, नवंकोरं.

"मास्तरीणबाई, ह्ये कशाला? मी रांडमुंड बाई, मला नवं लुगडं कशाला?"

"तुमच्या असल्या बोलण्याला मी बधत नाही, बनाबाई. माहेरच्यांनी दिलेलं आहे, तीन वर्षं पेटीत पडून आहे. गावासमोर उभं राहायचंय तुम्हाला. त्या विटक्या लुगड्यात उभ्या राहिलात तर केरबा म्हणेल, बघा, हिला अंगावर घालायला नाही आणि कडी पाहिजे. नेसा."

मागनं दस्तगीरभाईंची बायको हुसेनबी आली. तिनं बनाबाईचं डोकं धुऊन दिलं, वेणी घातली, आणि मनगटावर, मानेवर, पदरावर चांगलं सढळ हातानं अत्तर लावलं. खस का केवडा, मला वास कळत नाही, पण गल्लीच्या टोकाला कळत होता. बनाबाई म्हणाली, "भाबी, मी लग्नाला निघालो न्हाई." हुसेनबी म्हणाली, "तू गप बस. आमच्या गल्लीची बाई बाहेर निगाली हाय. वास यायलाच पायजे."

सगळ्यांचं प्रेमच होतं हो. इतकं प्रेम, की कुणाच्या डोक्यात आलं नाही, की धार काढणारा गवळी कपडे का बदलत नाही. म्हैस डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त ओळखते. नव्या धोतरात बसलेल्या गवळ्याला ती पान्हा सोडत नाही. हे गवळ्याच्या पोराला ठाऊक असतं, बनाबाईला तर असणारच. पण तिनं मानलं, हाक पुरेशी आहे. आणि दारात आलेल्या माणसांना नको म्हणायची तिची जातच नव्हती.

दुपार कलल्यावर रस्ता माणसांनी फुलला. घाटापासून वरपर्यंत दोन्ही बाजूंना गर्दी, छपरांवर पोरं. एकेका गवळ्याची म्हैस सुटत होती, धावत येत होती, टाळ्या पडत होत्या. मग गणपतराव ओरडले, "जोतीराम गवळ्याच्या घरची, मोरणी!"

बनाबाई वरच्या टोकाला उभी राहिली. ती उंच बाई, ते करडं लुगडं, डोक्यावर पदर. आमची छाती भरून आली. रस्त्याच्या कडेला केरबा उभा, हात बांधून. मोरणीला खालच्या टोकाला पोरांनी सोडलं. मोरपिसं डुलतायत, पट्ट्याची घुंगरं वाजतायत, पाठीवर पागा गल्ली.

"ये गंऽऽ मोरणे, ये गं बायेऽऽ!"

हलग्यांच्या वरनं ती हाक गेली. मोरणीनं मान उचलली आणि जी धावत सुटली! आम्ही नाचायलाच लागलो. निम्मा रस्ता, पाऊण रस्ता, आणि बनाबाईच्या अगदी पुढ्यात येऊन तिनं चारी पाय रोवले. नाक पुढं केलं. फुर्रकन फुसकारा टाकला. आणि मागं सरली.

बनाबाईनं हात पुढं केला तशी मोरणी आणखी बिचकली, गोल फिरली, आणि गर्दीकडं तोंड करून उभी राहिली. आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी. ती बिचारी बनाबाईलाच शोधत होती.

"एक हाक झाली," गणपतराव म्हणाले.

दुसरी हाक बनाबाईनं घातली ती जरा कापरी. मोरणीचे कान मागं वळले, ती दोन पावलं आली, अत्तराचा वास आला, आणि पुन्हा थबकली. भीतीनं तिनं तिथंच शेणाचा मोठा पो टाकला. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "म्हस म्हंती, मालकीण बदलली!" लोक हसले. केरबा मात्र हसला नाही, हे सांगायला पाहिजे. तो खाली मान घालून उभा होता.

"दोन झाल्या," गणपतराव म्हणाले. "बनाबाई, दम घे. मग घाल."

हुसेनबीनं तोंडाला पदर लावला. सरोजिनीबाईंना कळलं असावं, त्या मास्तरांना म्हणाल्या, "अहो, आपलंच चुकलं." बनाबाई त्यांच्याकडं बघून हसली. खरंच हसली, मी समोर होतो. म्हणाली, "मास्तरीणबाई, राग मानू नगा हं."

आणि पुढं जाऊन तिनं तो गरम शेणाचा पो दोन्ही हातांनी उचलला.

मनगटाला फासला. मानेला फासला. पदरावर, निऱ्यांवर, पोटाशी, त्या नव्याकोऱ्या इरकलीवर शेणाचे हात ओढले. गर्दीतनं "आगं आगं आगं!" असा आवाज उठला. हलगीवाल्यांनी हलगी थांबवली. रस्त्याच्या मधोमध ही बाई शेणानं माखून उभी, आणि चेहऱ्यावर अशी ऐट, की अंगावर राणीचा शेला असावा.

मग ती उकिडवी बसली. धारेला बसतात तशी, गुडघे फाकून, मधे चरवी धरल्यासारखी. तिसरी हाक तिनं ओरडून घातलीच नाही. गोठ्यात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "मोरणे. ये बाळ. येळ झाला की धारंचा."

मोरणी वळली. सावकाश आली. आधी मनगट हुंगलं, मग मान, मग तोंड पदरात घातलं आणि तो लांब शिंगांचा डोंगर बनाबाईच्या खांद्याला असा घासला की बाई मागच्या मागं पडायची राहिली. आणि नुसती आली नाही हो. तिथंच, हजार माणसांसमोर, तिला पान्हा फुटला. हात न लावता कासेतनं दुधाचे थेंब रस्त्यावर पडायला लागले.

मी नंतर पुष्कळ कुस्त्या बघितल्या, पुष्कळ मिरवणुका बघितल्या. पण तसा आवाज कोल्हापुरात पुन्हा ऐकला नाही. दस्तगीरभाई रडत होते आणि पिराजीच्या पाठीत गुद्दे घालत होते. मास्तरांची टोपी कुणी उडवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. गणपतरावांनी आपला फेटा सोडला आणि शेणानं भरलेल्या पदरावरनंच बनाबाईच्या डोक्याला बांधला. म्हणाले, "कडी तिची. कुणाला काय बोलायचंय?"

केरबा पुढं आला. तो बनाबाईच्या पाया पडायला वाकला, तशी तिनं त्याच्या खांद्याला धरून उठवलं, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर शेणाचे दोन पंजे उमटले.

"बघ की वैनी, सदरा नवा हुता," तो म्हणाला.

"आसू दे रं. आता तुलाबी म्हस वळखंल."

सरोजिनीबाईंनी लुगड्याचं काय म्हटलं हे लोक मला अजून विचारतात. त्या शेण लागलेल्या बनाबाईला मिठी मारून उभ्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावरचं लुगडंही पाडव्याचं, नवंच होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी पहाटे पेला घेऊन कट्ट्यावर गेलो. थंडी पडली होती, म्हशींच्या नाकातनं वाफा निघत होत्या. बनाबाई आपल्या कडीपाशी बसली होती, अंगावर रोजचं लुगडं. रात्रीतनं गणपतरावांनी तिच्या शेजारी आणखी एक कडी ठोकून घेतली होती, जुनी कुठंतरी पडलेली शोधून. तिथं केरबा आपली म्हैस बांधत होता. पहिल्यांदाच कडीवर आल्यामुळं त्याला काय कुठं ठेवावं कळत नव्हतं. त्याची म्हैस आडवी झाली, शेपटी बनाबाईच्या तोंडावर.

"केरबा, तुझी म्हस सरळ कर."

"वैनी, तूच जरा सरक की पल्याड. मला बसायला जागा न्हाई."

"मी सरकणार न्हाई," बनाबाई म्हणाली, आणि तिनं माझा पेला कासेखाली धरला. "ही माझी जागा हाय. तू सरक."

केरबा सरकला.